बाई, तुमचा मास्क कुठाय?

मुलांनो, 'मास्क' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? करोनाच्या दिवसांतली कापडी पट्टी, हो ना? पण मी आज सांगणार आहे ती एका वेगळ्याच मास्कची गोष्ट. हा मास्क लोखंडी गजांचा असतो, त्याला आतून गाद्या असतात, आणि तो घालतो बेसबॉलचा कॅचर. आणि त्याच्या मागे उभा असलेला पंचसुद्धा! म्हणजे, घालायला हवा. मी मात्र घातला नव्हता.

झालं असं. मी पुण्यातल्या एका शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. आमच्या शाळेत बेसबॉल खेळतात. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ असतो, हे तुमच्यापैकी काही जणांना ठाऊक असेलच. एका शनिवारी खेळाचे सर रजेवर होते. मुलं हिरमुसली. मी म्हटलं, "चला, आज मी पंच होते." मुलं खूश, मीही खूश!

चौथ्या-पाचव्या चेंडूला बॅटरने बॅट फिरवली. चेंडू बॅटला नीट लागला नाही, नुसता चाटून गेला. कॅचरच्या डोक्यावरून आला तो थेट माझ्या गालावर. चष्मा उडाला, काच फुटली, आणि मी मटकन खाली बसले. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात बचावलात बाई. अर्धा इंच वर लागला असता तर डोळ्यावर बेतलं असतं."

सोमवारी सुजलेला गाल घेऊन वर्गात गेले. तेव्हा पाचवीतल्या एका चिमुरड्याने सरळ विचारलं, "बाई, कॅचरला मास्क होता. मग तुमचा मास्क कुठाय?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. "रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा", "कात्री जपून धरा" असं दिवसभर सांगणारी मी! मग ठरवलं, या मास्कचा नीट अभ्यास करायचा आणि जे कळेल ते तुम्हालाही सांगायचं.

पंच कुठे उभा असतो?

क्रिकेटमध्ये एक पंच गोलंदाजाच्या टोकाला असतो आणि दुसरा स्क्वेअर लेगला, फलंदाजापासून दोघेही तसे लांबच. बेसबॉलमध्ये तसं नाही. तिथे चेंडू टाकणारा तो पिचर, मारणारा तो बॅटर. बॅटरच्या मागे वाकून बसलेला कॅचर, आणि कॅचरच्या खांद्यावरून डोकावत उभा असतो मुख्य पंच. चेंडू होम प्लेटवरून नीट गेला की नाही, हे त्याला तिथूनच दिसतं. म्हणजे पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू पंचाच्या तोंडाच्या दिशेनेच येत असतो म्हणा ना! मध्ये काय, तर एक बॅट आणि एक कॅचर.

तुम्ही म्हणाल, चेंडू आला तर बाजूला व्हायचं. चला, गणित करू. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांच्यात १८.४४ मीटर अंतर असतं. चांगला पिचर ताशी १४५ किलोमीटर वेगाने चेंडू टाकतो. म्हणजे सेकंदाला साधारण ४० मीटर. हे अंतर कापायला चेंडूला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो.

आता आपल्या मैदानावर या. शाळेतल्या मुलाचा चेंडू समजा ताशी ७० किलोमीटरने आला. म्हणजे सेकंदाला सुमारे १९ मीटर. बॅट आणि पंचाचं तोंड यांच्यात अंतर असतं दोन मीटरच्या आसपास. बॅटला चाटून आलेला चेंडू ते कापतो सेकंदाच्या दहाव्या भागात! आणि आपल्या डोळ्यांनी पाहून, मेंदूने ठरवून, शरीर हलवायला किमान सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. म्हणजे चेंडू आला हे कळायच्या आतच तो लागलेला असतो. शूर असा, चपळ असा, काही उपयोग नाही. मास्क भित्र्यांसाठी नसतो, बरं का! चपळाई जिथे संपते, तिथे मास्कचं काम सुरू होतं.

साखरेची पिशवी आणि चेंडू

बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा. क्रिकेटचा त्याहून थोडा जड, १५६ ते १६३ ग्रॅम. "एवढासा तर आहे!" असं वाटतं ना? पण ताशी ७० किलोमीटरने आलेल्या बेसबॉलमध्ये किती ऊर्जा असते, माहीत आहे? एक किलो साखरेची पिशवी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडली तर जमिनीवर आपटताना तिच्यात जेवढी असते, जवळजवळ तेवढी. आणि हा सगळा मार बसतो रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर!

मास्क दोन कामं करतो. बाहेरचे गज चेंडूला अडवतात आणि तो मार सगळ्या जाळीवर पसरवतात. आतल्या गाद्या दबतात आणि धक्का थोडा लांबवतात. वरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो, तसंच हे. गुडघे ताठ ठेवून उडी मारली तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

ही युक्ती शोधली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या फ्रेड थेअर या खेळाडूने. तलवारबाजीत तोंडावर जाळी घालतात, ती पाहून त्याने आपल्या संघाचा कॅचर जिम टिंग याच्यासाठी मास्क बनवून घेतला आणि १८७८ साली त्याचं पेटंटही मिळवलं. सुरुवातीला लोक मास्क घालणाऱ्याला हसले. पण हसणाऱ्यांचे दात पडले, तेव्हा तेही मास्क घालू लागले असतील!

पंचांना खरंच लागतं का?

लागतं. क्रिकेटमध्येसुद्धा लागतं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तामिळनाडूतल्या दिंडीगुलला रणजी सामना चालू होता. ऑस्ट्रेलियाचे जॉन वॉर्ड पंच होते. फलंदाजाने सरळ मारलेला चेंडू त्यांच्या डोक्याला लागला आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१६ मध्ये, कॅनबेराच्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात हेच वॉर्ड हेल्मेट घालून मैदानात उतरले. इकडे आपल्या महाराष्ट्राचे पश्चिम पाठक विजय हजारे करंडकाच्या सामन्यात हेल्मेट घालून उभे राहिले. हेल्मेट घालणारे पहिले भारतीय पंच म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस ऑक्सनफर्ड यांनी तर २०१६ च्या आयपीएलमध्ये हातावर पारदर्शक ढालच बांधली होती. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांसारखी!

त्याआधीची एक गोष्ट मात्र फार वाईट आहे. इस्रायलमध्ये क्रिकेट रुजवण्यात आपल्या कोकणातून आणि मुंबईतून तिकडे गेलेल्या बेने इस्रायल मंडळींचा मोठा वाटा आहे. त्यांच्या घरांत अजून मराठी ऐकू येते. २९ नोव्हेंबर २०१४ ला तिथल्या अश्दोद शहरात एक साखळी सामना होता. इस्रायलचे माजी कर्णधार हिलेल ऑस्कर पंच होते. चेंडू यष्ट्यांवर आपटून उडाला आणि त्यांना लागला. त्यात ते गेले.

आणि चेंडूच लागायला हवा असंही नाही. दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाऊचर २०१२ साली इंग्लंडमध्ये टाँटनला हेल्मेटशिवाय यष्ट्यांजवळ उभा होता. त्रिफळा उडाला, बेल उडाली आणि ती त्याच्या डोळ्यात गेली. बोटाएवढी लाकडी बेल! त्याची कारकीर्द तिथेच संपली.

आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे तुम्हाला माहीत आहेत ना? १९६२ साली भारताचा संघ वेस्ट इंडिजमध्ये होता. तेव्हा हेल्मेटं नव्हती. कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला आणि कवटीला तडा गेला. शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त कोणी दिलं? बोर्डे, पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी आणि समोरच्या संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेलसुद्धा! कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. तेव्हा उपाय नव्हता. आज आहे. म्हणूनच १ जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी खेळणारा फलंदाज, यष्ट्यांजवळ उभा यष्टिरक्षक आणि फलंदाजाच्या पुढ्यात जवळ उभे क्षेत्ररक्षक यांना हेल्मेट सक्तीचं झालं.

जुन्या मास्कचं गुपित

तर मग मास्क घ्यायचं ठरलं. कसा असतो ते बघायला मी शाळेच्या खेळाच्या खोलीतून कॅचरचा जुना मास्क काढला. हातात घेतला, आणि पोटात धस्स झालं. हनुवटीसमोरच्या गजाचा एका बाजूचा जोड तुटला होता. बोट लावलं की गज दातासारखा हलत होता! कपाळाकडची गादी इतकी जुनी झाली होती की तिचा भुगा हातात आला.

आमची कॅचर सहावीतली मुलगी आहे. तिला बोलावून दाखवलं. ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, तो गज कधीचा हलतोय. मला ठाऊक होतं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर मास्क काढून घेतला असता. दुसरा नाही म्हटल्यावर मला खेळायला कोणी दिलं असतं?"

मुलांनो, गाल सुजला त्यापेक्षा हे जास्त लागलं. दोन वर्षं तोच मास्क कधी सरांनी, कधी मी तिच्या हातात दिला होता. एकदाही हलवून पाहिला नव्हता. चेंडू मला लागला म्हणून हे कळलं. तिला लागेपर्यंत कळलंच नसतं तर?

दुकानात गेल्यावर

मग आम्ही तिघी, म्हणजे ती, तिची आई आणि मी, खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. काय काय पाहिलं, ते सांगते.

१) चेंडू बरोबर न्या. ज्या चेंडूने खेळता, तोच. तो जाळीवर सगळीकडून दाबून पाहा. कुठेही आत घुसता कामा नये. क्रिकेटच्या हेल्मेटलाही हे लागू आहे. मुलांचा चेंडू मोठ्यांच्या चेंडूपेक्षा लहान असतो. त्यामुळे बाबांच्या हेल्मेटमधल्या फटीतून मोठा चेंडू जाणार नाही, पण तुमचा जाऊ शकतो! क्रिकेट हेल्मेटच्या ब्रिटिश मानकात, म्हणजे बीएस ७९२८:२०१३ मध्ये, म्हणूनच लहानांच्या आणि मोठ्यांच्या चेंडूंनी वेगवेगळी चाचणी घेतात. 'मोठं घेऊ, दोन वर्षं पुरेल' हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक, हेल्मेटला नाही.

२) नाक आणि जाळी. मास्क घालून समोरून तळव्याने दाबा. जाळी नाकाला, ओठांना टेकली तर तो नको. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून पाहा. मी नवा चष्मा लावूनच गेले होते!

३) गाद्या. अंगठ्याने दाबा. अंगठा थेट लोखंडाला लागला तर गादी पातळ आहे. सोडल्यावर ती पुन्हा फुगली पाहिजे. गादी काढून धुता आली तर उत्तम. पुण्याच्या पावसाळ्यात घामट गादी कपाटात ठेवली की तिला बुरशी येते आणि ती लवकर खराब होते.

४) पट्टे. 'नाही नाही' म्हणताना हलवतो तशी मान हलवा. मास्क डोळ्यांपुढून सरकला तर पट्टे सैल आहेत. पण करकचून आवळूही नका. चेंडू लागल्यावर मास्क किंचित हलला, तर थोडा धक्का त्या हलण्यातच जिरतो.

५) गळा. हे आपण विसरतोच. १९७६ साली अमेरिकेत स्टीव्ह यीगर हा खेळाडू आपली पाळी यायची वाट बघत उभा होता. दुसऱ्याची बॅट मोडली आणि तिचा तुकडा त्याच्या गळ्यात घुसला. तो वाचला. मग त्याच्या संघाच्या बिल ब्यूलर यांनी मास्कला खाली लोंबणारी एक पट्टी लावली. तेव्हापासून ती गळ्याची ढाल झाली. मास्कला ती नसेल तर वेगळी बांधून घ्यावी.

६) वजन. जड पोलादी मास्क धक्का स्वतः जास्त खातो, पण तासाभराने मान दुखते. पोकळ गजांचा किंवा टायटॅनियमचा हलका असतो. टायटॅनियमची किंमत ऐकून मात्र आपलीच मान खाली जाते! शाळेला साधा, मजबूत पोलादी पुरतो.

७) नजर. घरात खिडकीच्या गजांना नाक लावून बाहेर बघा. गज जणू नाहीसे होतात ना? आता चार पावलं मागे या. लगेच गज दिसू लागले! मास्कचंही तसंच. डोळ्यांसमोरचे गज फार लांब नकोत, आणि जाळीचा रंग काळपट, न चकाकणारा हवा, म्हणजे ऊन डोळ्यांत चमकत नाही.

आता प्रकार कोणता? एक नुसता तोंडावरचा मास्क. दुसरा डोकं आणि कानही झाकणारा, आइस हॉकीच्या गोलरक्षकासारखा. तो १९९६ साली चार्ली ओब्रायन या कॅचरने मोठ्या बेसबॉलमध्ये आणला. पंचाला पहिला सोयीचा. चेंडू उंच उडाला की पंच डाव्या हाताने मास्क झटकन काढतो आणि वर बघतो. उजवा हात 'बाद'ची खूण करायला मोकळा! पण कॅचर मुलांसाठी दुसरा घ्यावा, कारण तो अख्खं डोकं सांभाळतो.

पैसे एकाचेच

आमच्याकडे पालक-शिक्षक संघाने दिलेले पैसे होते. त्यात एकच चांगला मास्क बसत होता. कॅचरचा की पंचाचा? की दोन स्वस्तातले घ्यायचे? दुकानदार म्हणाले, "बाई, स्वस्तातले दोन देतो की." मी त्यातल्या एकावर चेंडू दाबला. गज चक्क वाकले. असा मास्क नसलेला बरा, कारण तो घातला की आपण निर्धास्त होतो.

आम्ही एकच घेतला. कॅचरचा.

मग पंचाचं काय? त्यालाही तोड आहे. पंच एकटाच असेल, त्याच्याकडे मास्क नसेल, तर त्याने पिचरच्या मागे उभं राहून निर्णय द्यावा. चेंडू कमी-जास्त कळतो, एखादा निर्णय चुकतो, मुलं थोडी कुरकुरतात. पण चुकलेला निर्णय पुढच्या डावात विसरतो. डोळा पुन्हा मिळत नाही.

आणि तो जुना मास्क? तो मी कपाटात परत ठेवला नाही. आमच्या शिपाईमामांना सांगून त्याची जाळी कापून टाकली, म्हणजे पुन्हा कुणी 'चालेल आज' म्हणून तो घालणार नाही.

पालकांशी दोन शब्द

पालकहो, आपलं पुणं दुचाक्यांचं शहर. सकाळी शाळेच्या फाटकाशी मी बघते, हेल्मेट आरशाला लटकवलेलं असतं आणि मूल मागे मोकळ्या डोक्याने बसलेलं असतं. वरचे नियम तिथेही लागू आहेत. आयएसआयची खूण बघा, हनुवटी झाकणारं घ्या, मापाचं घ्या, पट्टा लावा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.

आणि एक विनंती. मुलाने "आई, हे मोडलंय" म्हटलं तर "मग खेळू नको" असं चटकन म्हणू नका. तसं म्हटलं की पुढच्या वेळी मूल सांगतच नाही. आमच्या कॅचरने नेमकं हेच केलं होतं.

मुलांनो, तुम्हीही सांगा. गज हलतोय, पट्टा तुटलाय, सायकलचा ब्रेक लागत नाहीये, जे असेल ते मोठ्यांना सांगा. सांगणं म्हणजे चुगली नव्हे.

परवा पुन्हा सामना होता. आमच्या कॅचरने नवा मास्क हातात घेतला, एकेक गज हलवून पाहिला, गाद्या दाबल्या, पट्टे लावले. मी सवयीने तिच्या मागे जाऊन उभी राहिले. ती वळली आणि जाळीतून म्हणाली, "बाई, तुमचा मास्क कुठाय? तुम्ही पिचरच्या मागे!"

आणि मी मुकाट्याने गेले.

करून पाहा

कणकेचे तीन सारखे गोळे करा आणि ताटात ठेवा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. तिसऱ्यावर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा आणि त्यावर पुठ्ठा ठेवा. आता प्रत्येकावर हातभर उंचीवरून एकच मोठी गोटी सोडा. तिन्ही गोळ्यांवरचे खड्डे पाहा. पुठ्ठा म्हणजे मास्कची जाळी, स्पंज म्हणजे गादी. कुठला गोळा सर्वांत कमी दबला? आणि हो, झाल्यावर कणीक आईला परत देऊ नका, चिमण्यांना घाला!